पृथ्वीचा जमाखर्च: हवामानाचं मॉडेल कसं बांधतात आणि कसं तपासतात

साताऱ्यात उभं राहिलं की पश्चिमेला महाबळेश्वरचं पठार आणि पूर्वेला माणदेश. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, दहिवडीकडे पाचशेच्या आतबाहेर. दोन्हींमध्ये सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा अंतर नाही. मी इथे फिजिक्स शिकवतो आणि दर वर्षी वर्गातून एक प्रश्न येतोच: "सर, चार दिवसांनी पाऊस पडेल का हे खात्रीने सांगता येत नाही, मग २१०० सालचं कसं सांगतात?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नुसतं सांगून पटत नाही, हाताने करून पाहिलं की पटतं. म्हणून हा लेख दोन भागांत चालतो. आधी आपण संगणकावरच्या साध्या तक्त्यात एक चिमुकलं मॉडेल बांधू आणि तपासू. मग त्याच पायऱ्या पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, मोठ्या प्रमाणावर कशा चढल्या जातात ते पाहू. या संस्थेचं 'आयआयटीएम अर्थ सिस्टिम मॉडेल' हे जगभरच्या मॉडेलांची एकाच कसोटीवर तुलना करणाऱ्या सीएमआयपी या प्रकल्पाच्या सहाव्या फेरीत उतरलेलं भारतातलं पहिलं मॉडेल आहे. त्या फेरीतल्या मॉडेलांचे निकाल आयपीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या, सहाव्या अहवालात वापरले गेले.

आधी प्रश्न नक्की करा

रोजची हवा आणि हवामान हे दोन वेगळे प्रश्न आहेत. परवा दुपारी कोयनानगरला पाऊस पडेल का, हे सांगायला आज वारा, बाष्प, दाब कुठे किती आहे ते माहीत असावं लागतं. त्यातली बारीकशी चूकही काही दिवसांत फुगत जाते. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेंझ यांनी संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला आणि थोड्या वेळाने त्यांच्या आभासी हवेने पूर्ण वेगळी वाट धरली.

पण मे महिना जानेवारीपेक्षा गरम असणार हे सांगायला आजचा वारा लागतच नाही. सूर्य किती वर येतो, किती ऊर्जा देतो, एवढं कळलं की पुरे. हवामानाचं मॉडेल या दुसऱ्या जातीचा प्रश्न सोडवतं: पृथ्वीवर येणारी आणि जाणारी ऊर्जा बदलली तर सरासरी, ऋतू आणि टोकाच्या घटना कशा सरकतात? ते २१०० सालच्या १५ जुलैचा अंदाज देत नाही, आणि कुणी तसा दावा केला तर तो तिथेच नाकारावा.

तक्त्यात पृथ्वी मांडा

एक स्प्रेडशीट उघडा. लागणारे आकडे एवढेच.

सूर्याकडून दर चौरस मीटरला १,३६१ वॅट येतात. पृथ्वी गोल आहे आणि निम्मी अंधारात असते, म्हणून सरासरीसाठी चाराने भागा. त्यातला सुमारे ३० टक्के प्रकाश ढग, बर्फ, वाळू परत फेकतात. उरलेला ७० टक्के म्हणजे २३८.२ वॅट. ही आपली जमा.

खर्चाचा नियम भौतिकशास्त्रातला आहे: तप्त वस्तू तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात ऊर्जा बाहेर टाकते. तापमान केल्विनमध्ये घ्या, त्याचा चौथा घात करा, ०.०००००००५६७ ने गुणा. जमा आणि खर्च बरोबर येईल असं तापमान शोधलं तर २५५ केल्विन, म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअस येतं. प्रत्यक्षात पृथ्वीचं सरासरी तापमान साधारण १५ अंश आहे. मधले ३३ अंश म्हणजे वातावरणाने पांघरलेली गोधडी. तिच्यासाठी खर्चाला ०.६१ ने गुणा. जमिनीवरून निघालेल्या उष्णतेपैकी तेवढाच हिस्सा अवकाशात सुटतो असं धरा. आता उत्तर २८८ केल्विनच्या जवळ येईल.

इथे जरा थांबा. ते ०.६१ आपण कुठून आणलं? उत्तर जुळावं म्हणून निवडलं. यालाच मॉडेलवाले ट्यूनिंग म्हणतात. जो आकडा जुळवूनच घेतला, तो जुळला म्हणून मॉडेल बरोबर ठरत नाही. पुढे सगळ्या तपासणीत हे लक्षात ठेवायचं आहे.

आता वेळ आणू. तापायला आणि निवायला वेळ लागतो तो मुख्यतः समुद्रामुळे. वरचं सत्तर मीटर पाणी धरलं तर एक चौरस मीटरचा स्तंभ एक अंशाने तापवायला सुमारे २९.४ कोटी ज्यूल लागतात. एका वर्षात ३.१५ कोटी सेकंद असतात. म्हणून प्रत्येक ओळीत एकच हिशेब लिहा: नवं तापमान म्हणजे जुनं तापमान, अधिक (जमा वजा खर्च) गुणिले वर्षातले सेकंद, भागिले २९.४ कोटी. पहिल्या ओळीत मुद्दाम चुकीचं तापमान भरा, समजा २८० केल्विन, आणि सूत्र साठ-सत्तर ओळी खाली ओढा. काही ओळींत आकडा चढतो आणि २८८.०७ ला येऊन स्थिरावतो. हे झालं स्पिन-अप, म्हणजे मॉडेल निवळू देणं. त्यानंतरच्या न हलणाऱ्या ओळी म्हणजे कंट्रोल रन.

आता त्या स्थिर जागेपासून जमेत ३.९ वॅट वाढवा. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर ऊर्जेच्या ताळेबंदात पडणारा फरक साधारण एवढाच असतो. पहिल्या वर्षी तापमान ०.४२ अंश वाढेल, पुढे वाढ मंदावेल आणि जवळपास १.२ अंशावर थांबेल.

१.२ अंश हे नुसत्या कार्बन डायऑक्साइडचं काम. पण हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि बाष्प हा स्वतःच उष्णता अडवणारा वायू आहे. बर्फ वितळलं की खालची काळी जमीन किंवा समुद्र जास्त ऊन शोषतो. ढगही बदलतात. हे सगळं एका आकड्यात आणायचं असेल तर 'प्रत्येक जादा अंशामागे जमेत आणखी २ वॅट' असं सूत्रात लिहा. आता तापमान १.२ वर न थांबता तीन अंशांच्या आसपास जाईल. आयपीसीच्या सहाव्या अहवालात दुप्पट कार्बन डायऑक्साइडसाठी दिलेलं सर्वोत्तम उत्तर ३ अंशच आहे, आणि संभाव्य पट्टा २.५ ते ४. आपण ते २ वॅट जुळवून घेतले. खऱ्या मॉडेलमध्ये ते कुणी भरत नाही. बाष्प, ढग, बर्फ यांच्या समीकरणांतून तो आकडा आपोआप बाहेर यावा लागतो, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

एक प्रयोग जरूर करा, कारण तो पाहिल्याशिवाय पुढचं कळत नाही. ते २ वॅट काढून टाका आणि वर्षाच्या पावलाऐवजी दहा वर्षांचं पाऊल घ्या, म्हणजे ३.१५ कोटीच्या जागी ३१.५ कोटी सेकंद. भौतिकशास्त्र तेच, जमा तीच. पण तापमान पहिल्या पावलात चार अंश वर जातं, दुसऱ्यात जवळपास सात अंश खाली कोसळतं, तिसऱ्यात वीस अंशांच्या वर उसळतं. मॉडेल 'फुटलं'. निसर्गात असं काही घडत नाही. पाऊल फार मोठं टाकलं, एवढंच झालं.

चौकोन पाडा, आणि सह्याद्री कुठे जातो ते बघा

आपल्या तक्त्यात सगळी पृथ्वी एकच ठिपका होती. खऱ्या मॉडेलमध्ये ती चौकोनांत कापतात आणि प्रत्येक चौकोनावर हवेचे थर रचतात. बाजू १०० किलोमीटरची घेतली तर पृथ्वीवर सुमारे ५१ हजार चौकोन बसतात. त्यावर ६४ थर रचले की बत्तीस लाखांहून जास्त डबे होतात. प्रत्येक डब्यात तापमान, वारा, दाब, बाष्प यांचा हिशेब. समुद्रातही असंच, फक्त थर खाली खोल जातात.

हिशेबाचे नियम शोधून काढलेले नाहीत, ते जुनेच आहेत: गती, वस्तुमान, ऊर्जा आणि पाणी यांचा ताळा. त्यांची संगणक नसताना पहिली मोठी परीक्षा ल्युइस फ्राय रिचर्डसन यांनी घेतली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेच्या कामावर असताना त्यांनी २० मे १९१० या दिवसाची हवा हाताने सोडवायला घेतली. उत्तर आलं की सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल. प्रत्यक्षात तो जवळजवळ जागचा हलला नव्हता. समीकरणं बरोबर होती. सुरुवातीला भरलेल्या वाऱ्याच्या आणि दाबाच्या नोंदींचा एकमेकींशी मेळ नव्हता. त्यांनी हे अपयश १९२२ साली पूर्ण तपशिलासह छापलं. मला या सगळ्या शास्त्रातलं सर्वांत प्रामाणिक काम हेच वाटतं. चूक नेमकी कुठे झाली हे शोधणाऱ्याला सापडेल अशी त्यांनी मांडून ठेवली होती.

पाऊल किती मोठं टाकायचं हे चौकोनावर ठरतं. उंचावरचा जोराचा वारा सेकंदाला १०० मीटरपर्यंत धावतो, म्हणजे १०० किलोमीटरचा चौकोन तो हजार सेकंदांत, सतराएक मिनिटांत ओलांडतो. वाऱ्याने एका पावलात पूर्ण चौकोन उडी मारून जाता कामा नये. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि पाऊलही निम्मं करावं लागतं, म्हणजे काम आठपट. पुण्यात २०१८ मध्ये चार पेटाफ्लॉपचा (हे गणनेच्या वेगाचं माप) 'प्रत्युष' महासंगणक बसला आणि २०२४ मध्ये त्याहून जवळपास तिप्पट ताकदीचा 'अर्क' आला, तो या आठपटीच्या गणितामुळे. मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम सहा किलोमीटरच्या चौकोनांवर चालते, पण तिला काही दिवसांचाच अंदाज द्यायचा असतो. शतकानुशतकं चालवायच्या मॉडेलला ती चैन परवडत नाही. आयआयटीएमच्या अर्थ सिस्टिम मॉडेलात वातावरणाचा चौकोन साधारण दोनशे किलोमीटरचा आहे.

दोनशे किलोमीटर म्हणजे काय, ते आपल्याकडचं बघा. रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून थेट पंढरपूरच्या जवळपास एकच चौकोन. त्यात कोकण आलं, घाटमाथा आला, कृष्णेचं खोरं आणि माणदेशही आला. महाबळेश्वरचा सुमारे १,३५० मीटरचा कडा त्यात उरत नाही. समुद्रापासून वर जाणारा एक सौम्य उतार उरतो. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प ज्या भिंतीला थडकून कोसळतं ती भिंतच मॉडेलला दिसत नाही.

जे चौकोनात मावत नाही त्याचं काय

ढग किलोमीटर-दोन किलोमीटरचा, चौकोन दोनशेचा. ढगातला थेंब तर मिलीमीटरहून लहान. तरी पाऊस पाडायचा आहे. मग चौकोनाच्या सरासरी अवस्थेवरून 'इथे ढग किती असतील, पाऊस किती पडेल' याचा नियम लिहावा लागतो. याला पॅरामीटरायझेशन म्हणतात, आणि मॉडेला-मॉडेलांत जो फरक पडतो त्यातला मोठा वाटा इथून येतो.

हे नियम हवेतून काढत नाहीत. खरं म्हणजे हवेतूनच काढतात, विमानाने. सोलापूरच्या परिसरात आयआयटीएमने 'कायपिक्स' या प्रयोगात विमानं ढगांत घालून थेंबांचे आकार आणि धूलिकण मोजले. महाबळेश्वरला संस्थेची ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात तिथे ढग जमिनीवरच उतरतो, त्यामुळे तो मोजायला वर जावं लागत नाही. हवेत कण जास्त असतील तर तेवढंच पाणी जास्त पण बारीक थेंबांत वाटलं जातं, ढग उजळ दिसतो, आणि पाऊस सुरू व्हायला उशीर लागतो. ही गोष्ट मोजून समीकरणात आणायची असते.

तरीही काही आकडे मोकळे राहतात: ढग वर चढताना बाजूची कोरडी हवा किती ओढून घेतो, बर्फाचे कण किती वेगाने पडतात, थेंबांचा पाऊस कधी व्हायला लागतो. निरीक्षणं त्यांना एक पट्टा देतात, नेमका आकडा देत नाहीत. ट्यूनिंग होतं ते या पट्ट्याच्या आत.

तुकडे जोडा, आणि गळती शोधा

वातावरण, समुद्र, समुद्री बर्फ, जमीन हे वेगवेगळे प्रोग्राम असतात, बहुतेक फोरट्रान भाषेत. त्यांच्या मध्ये कपलर नावाचा एक मध्यस्थ असतो. वातावरण त्याला सांगतं इतका वारा, इतकी उष्णता, इतका पाऊस. समुद्र सांगतो पृष्ठभाग इतका गरम. दोघांचे चौकोन वेगळे, म्हणून देताघेता ऊर्जा किंवा पाणी सांडण्याचा धोका असतो.

पुण्यातली कहाणी इथे शिकण्यासारखी आहे. आर. कृष्णन, पी. स्वप्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवात केली ती सीएफएसव्ही२ या अमेरिकी मॉडेलपासून. ते मोसमी पावसाच्या हंगामी अंदाजासाठी चांगलं होतं. पण हंगामी अंदाज काही महिन्यांपुरता चालतो. तेवढ्यात ऊर्जेच्या हिशेबातली बारीक गळती कुणाच्या नजरेत येत नाही. तेच मॉडेल शतकभर चालवलं की गळती साठत जाते आणि सगळं हवामान वाहवत जातं. आपल्या तक्त्यात जमेत नुसता १ वॅट चुकून जास्त धरून पाहा: प्रत्येक अंशामागचे ते २ वॅट परत घातले तर पाऊण अंशाची खोटी तापमानवाढ दिसेल, एकही कारखाना न चालवता. म्हणून त्यांनी समुद्राचा भाग बदलला, समुद्री बर्फ आणि समुद्रातलं जीव-रसायनचक्र घातलं, काळानुसार बदलणारे धूलिकण आणि जमिनीचा वापर आणला, आणि वातावरणाच्या माथ्यावरचा ऊर्जेचा ताळा बसवला. नकाशे सुंदर यायच्या आधी जमाखर्च जुळला पाहिजे, हा धडा प्रत्येक मॉडेल बांधणाऱ्याने भिंतीवर लावावा.

विज्ञानाच्या आधी निव्वळ प्रोग्रामच्या चाचण्या होतात. त्या रुक्ष असतात पण टाळता येत नाहीत. दहा दिवस सलग चालवलेलं मॉडेल, आणि पाच दिवस चालवून थांबवून पुन्हा सुरू केलेलं मॉडेल, दोन्हींचा शेवटचा आकडा अगदी शेवटच्या दशांशापर्यंत एक हवा. नाहीतर कुठली तरी माहिती थांबताना हरवते. प्रोसेसर पाचशेऐवजी हजार लावले म्हणून निकाल बदलतो का, हेही पाहतात. जेवढं पाणी समुद्रातून वर गेलं तेवढं कुठे ना कुठे खाली आलं का, तेही मोजतात. शिवाय पूर्ण पृथ्वी सोडून एकच स्तंभ चालवून पाहतात: वरून खऱ्या ठिकाणचा मोजलेला वारा आणि बाष्प द्यायचं आणि विचारायचं, आता ढग तुझ्या नियमाने दाखव.

निवळू द्या, मग परीक्षा घ्या

आपलं चिमुकलं मॉडेल काही ओळींत निवळलं. खोल समुद्राला शेकडो, कधी हजारो वर्षं लागतात. तोवर मॉडेल १८५० सालच्या वातावरणात, म्हणजे कारखान्यांचा धूर वाढण्याच्या आधीच्या स्थितीत, चालू ठेवतात. तापमान एका बाजूला सरकणं थांबलं की तो कंट्रोल रन. त्यात कुणी काही बदललेलं नसतं, तरी आकडे वरखाली होतातच: एल निनो येतो, जातो, एखादा पावसाळा कोरडा जातो. हे निसर्गाचं स्वतःचं हेलकावणं. याची रुंदी कळल्याशिवाय पुढचा कुठलाही बदल 'बदल' म्हणता येत नाही.

त्यानंतर सीएमआयपीमध्ये प्रत्येक मॉडेलला तेच पेपर सोडवावे लागतात. समुद्राचं तापमान प्रत्यक्ष मोजलेलं द्यायचं आणि फक्त वातावरण चालवायचं. कार्बन डायऑक्साइड दर वर्षी एक टक्क्याने वाढवायचा, म्हणजे सत्तर वर्षांत दुप्पट. एकदम चौपट करून दीडशे वर्षं पाहायचं. आणि १८५० ते २०१४ हा खरा इतिहास, ज्वालामुखी, सूर्य, उष्णता अडवणारे वायू, धूर सगळ्यांसकट. वातावरण एकटं चालवण्यात मोठी हुशारी आहे. पुष्कळ मॉडेलांत अरबी समुद्र प्रत्यक्षापेक्षा गार येतो, बाष्पीभवन कमी होतं आणि भारतावरचा पाऊस कमी पडतो. मोजलेलं समुद्र तापमान दिल्यावर पाऊस सुधारला तर दोष समुद्राकडे. नाही सुधारला तर ढगांच्या नियमांकडे परत जायचं.

तुलना कशाशी? समुद्राच्या आतलं तापमान आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे जवळपास चार हजार तरंगते यंत्रबोये देतात. वातावरणाच्या माथ्यावरची ऊर्जा उपग्रह मोजतात. भारतावरचा पाऊस म्हटलं की पुन्हा पुणेच: शिवाजीनगरला ज्याला आपण अजून 'सिमला ऑफिस' म्हणतो, ते भारतीय हवामान विभागाचं कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं. देशभरच्या पर्जन्यमापकांच्या नोंदींतून बनवलेली पाव अंशाच्या चौकोनांची दैनंदिन पावसाची मालिका तिथेच तयार होते, थेट १९०१ पासूनची.

पण इतिहास जुळणं हा पेपर अर्धाच. तो इतिहास बांधणाऱ्यांना आधीपासून माहीत असतो. माझा भरवसा बसतो तो न दाखवलेल्या प्रश्नांवर. अशा तीन परीक्षा मी वर्गात नेहमी सांगतो.

१५ जून १९९१ ला फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला. नासातल्या जेम्स हॅन्सन यांच्या गटाने परिणाम दिसण्याआधीच मॉडेल चालवून छापलं की जग तात्पुरतं सुमारे अर्ध्या अंशाने गार होईल. १९९२ मध्ये तसंच झालं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तापमान परत आलं. नंतर याच घटनेवर आणखी एक फार सुंदर तपासणी झाली. मॉडेलातली बाष्पाची प्रतिक्रिया मुद्दाम बंद केली, तर गारठा प्रत्यक्षापेक्षा कमी आला; चालू ठेवली, तर जुळला. आपण तक्त्यात '२ वॅट' म्हणून जे कोंबलं होतं त्याचा सर्वांत मोठा हिस्सा इथे ज्वालामुखीने स्वतः तपासून दिला.

दुसरी परीक्षा हिमयुगाची. सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वी जग औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा ५ ते ७ अंशांनी गार होतं, हे सागरतळाचा गाळ आणि बर्फाचे गाभे सांगतात. अमेरिकेतलं सीईएसएम२ हे नावाजलेलं मॉडेल विसाव्या शतकाच्या इतिहासात छान उतरलं होतं, पण दुप्पट कार्बन डायऑक्साइडला पाच अंशांहून जास्त तापायचं. त्याला हिमयुगात नेल्यावर ते अकरा अंशांहून जास्त गारठलं. शोध ढगांच्या नियमापर्यंत गेला. सहाव्या फेरीत अशी 'अति तापणारी' मॉडेलं बरीच निघाली, म्हणून आयपीसीने सगळ्यांची आंधळी सरासरी न घेता इतर पुराव्यांनी पट्टा आवळला. मॉडेल नापास होतं आणि ते जाहीर होतं, हे मला या पद्धतीचं बळ वाटतं.

तिसरी परीक्षा काळाची. स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये एकाच उभ्या स्तंभाच्या मॉडेलवरून सांगितलं की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर जमिनीलगत सुमारे २.३ अंश वाढ होईल आणि वरचं स्थितांबर, म्हणजे ढगांच्या वरचा हवेचा थर, मात्र गार होईल. सूर्य जास्त तापला असता तर वरचाही थर तापला असता. पुढे उपग्रह आणि फुगे यांनी वरचा थर निवत असल्याचं दाखवलं. मनाबे यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९७० ते २००७ या काळातल्या जुन्या सतरा भाकितांची २०२० साली पडताळणी झाली तेव्हा त्यांतली दहा थेट जुळली. पुढे किती वायू सोडला जाईल याचा त्यांचा अंदाज वेगळा निघाला होता. तेवढा फरक वजा केल्यावर चौदा जुळली.

निकाल कसा वाचायचा

आता तुमच्यासमोर कुणी 'अमुक तालुक्यात २०५० मध्ये पाऊस इतके टक्के वाढणार' असा नकाशा ठेवला, तर पहिलं विचारा: चौकोन केवढा? दोनशे किलोमीटरच्या मॉडेलातून तालुका निघत नाही. त्यासाठी पन्नास किंवा पंचवीस किलोमीटरचं प्रादेशिक मॉडेल मोठ्या मॉडेलच्या आत बसवतात. दक्षिण आशियासाठीच्या कॉर्डेक्स प्रकल्पात हे काम होतं. पण आतल्याला बाहेरच्याकडून जे चुकीचं वारं मिळतं ते सुधारत नाही.

दुसरं, किती मॉडेलं आणि प्रत्येकाच्या किती फेऱ्या? एकच मॉडेल किंचित वेगळ्या सुरुवातीने अनेकदा चालवतात, लॉरेंझचा धडा म्हणून. एका फेरीतलं कोरडं दशक नुसता हेलकावा असू शकतो. पुढच्या काळात किती वायू सोडला जाईल हे मॉडेल सांगत नाही, तो माणसांचा निर्णय आहे. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत कुठला मार्ग धरला ते लिहिलेलंच हवं.

तिसरं, कारण सांगता येतं का? पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या भारतावरच्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ मध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, विशेषतः गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात. वायूंनी तापलेल्या जगात पाऊस वाढायला हवा, मग घट कशी? फक्त वायू, फक्त धूर, फक्त ज्वालामुखी आणि सूर्य, अशा वेगवेगळ्या फेऱ्या चालवल्यावर दिसतं की उत्तर गोलार्धातल्या धूरकणांनी ऊन अडवलं आणि वायूंचा परिणाम झाकला. पुढे धूर कमी झाला तर पाऊस दुसऱ्या बाजूला झुकेल, हे याच फेऱ्यांतून कळतं. कारण नसलेला नुसता कल पुढे ओढला असता तर नेमकं उलट भाकीत हाती आलं असतं.

तक्ता जमला असेल तर पुढचं काम घरबसल्या करता येतं. सीएमआयपीचे निकाल ईएसजीएफ या इंटरनेटवरच्या आंतरराष्ट्रीय भांडारात मोफत आहेत, आयआयटीएमच्या मॉडेलचेही. हवामान विभागाची पाव अंशाची पावसाची मालिकाही मिळते. १९५१ ते २०१४ चे सगळे जुलै दोन्हींतून घ्या, महाराष्ट्रापुरतं कापा, सरासरी काढा आणि एकातून दुसरी वजा करा. वजाबाकी करण्याआधी हवामान विभागाचे बारीक चौकोन मॉडेलच्या मोठ्या चौकोनाइतके एकत्र करायला विसरू नका, आणि मग तसं एकत्र न करताही एकदा वजाबाकी करून बघा. दुसऱ्या नकाशावर कोकणापासून घाटमाथ्यापर्यंत मोठ्या फरकाचा एक उभा पट्टा दिसेल. दोनशे किलोमीटरच्या चौकोनात हरवलेला सह्याद्री तोच.